मकरपुऱ्यातली शेड विकावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमची छोटी शेड आहे. बाबा ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल वाइंड करून देतात. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यापासून मीही त्यांच्याबरोबर काम करते. शेडला सध्या चांगली किंमत येतेय. तेवढ्या पैशात शहराबाहेर सावली रोडला कितीतरी मोठी जागा मिळेल, वर एखादं नवं मशीनही बसेल. पण बाबा इथून हलायला तयार नाहीत. एका धंद्याचे कारखाने एका जागी असले की नवं तंत्रज्ञान जन्माला येतं, असं कॉलेजात शिकवलं होतं. मला तर इथे शेजाऱ्याची नक्कल आणि भावातली मारामारी एवढंच दिसतं. कोणाचं खरं?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : तुम्हाला दिसतं ते खरंच आहे. तरीही शेड विकू नका, असंच मी सांगेन.

माझी सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली. एकदा 100 केव्हीएच्या एका लॉटमध्ये नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, सारखा वर येऊ लागला. कोअर, म्हणजे पोलादी पत्त्यांचा गाभा, पुन्हा बांधून पाहिला, क्लॅम्प सैल-घट्ट करून पाहिले, मीटर बदलून पाहिला. आकडा हलेना. लॅमिनेशन, म्हणजे या पत्त्या, कापून देणारी शेड दोन गल्ल्या पलीकडे होती. फोन केला तर त्यांचा कारागीर दुपारी स्वतःच चालत आला. त्याने एक पत्ती उजेडाकडे धरली, कापलेल्या कडेवरून नख फिरवलं आणि सांगितलं, ब्लेडची धार गेलीय, कडेला बर येतोय. बर म्हणजे कापताना कडेला उठणारा पोलादाचा बारीक काठ. साधारण 20 मायक्रॉनच्या आत असला तर चालतो. त्याहून वाढला की शेजारच्या पत्तीवरचं इन्सुलेशन फोडतो, मग पत्त्यापत्त्यांमध्ये करंट फिरायला लागतो आणि लॉस चढतो. त्याच संध्याकाळी ब्लेडला धार लावून झाली.

खरी गोष्ट त्यानंतरची. त्या शेडचा मालक पत्र्याच्या प्रत्येक गुंडाळीमागे बर मोजून मालावर चिठ्ठी लावायला लागला. ती चिठ्ठी आमच्या खरेदीवाल्यांना आवडली, त्यांनी ती दुसऱ्या पुरवठादारांकडेही मागितली. बघता बघता आसपासच्या सगळ्या कटिंगवाल्यांकडे मायक्रोमीटर आला. याचं पेटंट कोणी घेतलं नाही, वर्तमानपत्रातही कुठे दोन ओळी आल्या नाहीत. पण आपल्यासारख्या देशात तंत्रज्ञान बहुतेक वेळा असंच पुढे सरकतं. तीच शेड दोनशे किलोमीटरवर असती तर आम्ही तक्रारीचं पत्र पाठवलं असतं, बिलातून पैसे कापले असते, माल परत केला असता. पत्तीवर नख फिरवायला कोणी आलं नसतं.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी हे 1890 मध्येच मांडलं होतं. एकाच धंद्याची माणसं एका जागी राहिली की धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती जणू हवेतच असतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं तेही त्याच वर्षी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बडोद्यातली ती हवा आपोआप तयार झालेली नाही, ती तयार करावी लागली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे कलाभवनाचे पहिले प्राचार्य. 1907 मध्ये अलेंबिक ही औषध-रसायनांची कंपनी निघाली ती गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या हातून. भाईलालभाईंचे चिरंजीव नानुभाई यांनी 1943 मध्ये ज्योती ही कंपनी काढली आणि पंप-मोटारींचं काम इथे रुजलं. ज्योतीत किंवा तिच्यासारख्या कारखान्यांत हात बसलेल्या किती फोरमननी पुढे मकरपुऱ्यात स्वतःची शेड टाकली, हे तुमच्या बाबांना विचारा. ते बोटांवर मोजून दाखवतील.

आता नक्कल. नक्कल ही पहिली पायरी असते, तिची लाज वाटायला नको. घात होतो तो सगळे त्याच पायरीवर बसून राहिले आणि भाव पाडत गेले की. मग तांबं कमी घालायचं, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेलं सीआरजीओ, म्हणजे कोअरचं खास पोलाद, पुन्हा कापून वापरायचं, हे सुरू होतं. हे चक्र आतून सहसा तुटत नाही, त्याला बाहेरून धक्का लागतो. वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी भारतीय मानक आयएस 1180 चा पहिला भाग 2014 मध्ये नव्याने आला आणि त्यात अर्ध्या व पूर्ण लोडवरच्या एकूण लॉसची कमाल मर्यादा ठरली. 2015 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते मानक सक्तीचं केलं. त्या काळात आपल्या जीआयडीसीत चहाच्या टपरीवरही सुट्या पत्तीचे जोड आणि स्टेप-लॅप यांच्यावर वाद चालायचे. वर्षानुवर्षं ज्यांनी कोअरच्या जोडाकडे पाहिलं नव्हतं, ते प्रत्येक थराचा जोड थोडा सरकवून लॉस किती उतरतो हे मोजायला लागले.

धक्का मात्र सगळ्यांना सारखा पचत नाही. 1989-90 च्या सुमारास जर्मनीने पेंटाक्लोरोफेनॉल या रसायनावर बंदी घातली. तिकडे माल पाठवणारे तामिळनाडूतले चर्मोद्योजक कातड्याला बुरशी लागू नये म्हणून तेच वापरत. लहान टॅनरी एकेकट्या काय करणार होत्या? त्या तरल्या, कारण चेन्नईत 1948 पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. पर्यायी रसायनं तिथे तपासली गेली, टॅनरींच्या संघटनांनी ती माहिती गावोगाव पोहोचवली. नायजेरियातल्या न्नेवीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथले व्यापारी तैवानहून गाड्यांचे सुटे भाग आणून विकायचे. पुढे त्याच तैवानी पुरवठादारांकडून मशिनं आणि प्रशिक्षण घेऊन ते स्वतः भाग बनवू लागले. तिथे संशोधन संस्था नव्हती, विजेचा भरवसा नव्हता, जनरेटरही ज्याचा त्याने आणला. नातं एकमेकांशी होतं आणि बाहेरच्या जाणकाराशीही होतं. बाहेरची खिडकी बंद असली की क्लस्टर, म्हणजे एका धंद्याच्या कारखान्यांचा असा गट, आतल्या आत कुजतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आपल्याकडे तो धक्का पचवायला इर्डा ही विजेच्या उपकरणांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, 1974 पासून, तुमच्या शेडपासून स्कूटरच्या अंतरावर. टाइप टेस्टचा, म्हणजे डिझाइनच्या नमुन्यावरच्या चाचणीचा, रिपोर्ट नसेल तर वीज कंपनीच्या टेंडरमध्ये उभं राहता येत नाही, म्हणून सगळे तिथे जातात. पण बहुतेक जण रिपोर्टचा कागद घेऊन परत फिरतात. नापास झालेला नमुना उघडून तिथल्या इंजिनिअरांशी दोन तास बोलणारे थोडे असतात, आणि पुढे जातात ते तेच.

म्हणून माझा सल्ला. शेड विकू नका. ज्या कॉइल डोळे मिटून बनतात, ठरलेल्या डिझाइनच्या आणि मोठ्या संख्येच्या, त्या सावलीला भाड्याच्या जागेत हलवा. नवीन डिझाइनची पहिली कॉइल, दुरुस्ती आणि तातडीचं काम मकरपुऱ्यातच ठेवा, कारण तिथे गिऱ्हाइकाचा इंजिनिअर अर्ध्या तासात येऊन उभा राहतो. दुसरं असं की कॉइलच्या थरांमध्ये तुम्ही अजून साधा क्राफ्ट पेपर वापरत असाल तर डायमंड डॉटेड पेपरवर काम सुरू करा. त्यावरचे इपॉक्सीचे ठिपके भट्टीत गरम झाले की थर एकमेकांना चिकटतात आणि शॉर्ट सर्किटच्या झटक्यात कॉइल जागची हलत नाही. भट्टी एकट्याला परवडणार नाही. शेजारचे चार वाइंडर मिळून घ्या आणि वापराचे वार ठरवून घ्या. ज्यांच्याशी भावावरून भांडता, त्यांच्याशीच बोलावं लागेल, हे मला माहीत आहे. ते बोलणं बाबांना करू द्या. त्यांची ओळख जुनी आहे.

प्रश्न : इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, मोठमोठ्या वाहन कंपन्या आहेत. तरी आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांकडे नवं काही का घडत नाही?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कारण तो ट्रॅक अख्ख्या गाडीसाठी आहे आणि तुम्ही बनवता ब्रॅकेट. तुम्हाला हवी आहे हार्डनेस, सॉल्ट स्प्रे (गंजाची चाचणी) आणि तुटलेला भाग का तुटला हे सांगणारी छोटी प्रयोगशाळा. सांवेर रोडच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये जाऊन या, डाय (साचे) आणि फिक्स्चरचं (भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांचं) काम तिथे शिकण्यासारखं आहे. त्याहून मोठी अडचण ड्रॉइंगची आहे. वरून ड्रॉइंग येतं, भाग गाडीत कुठे बसतो हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. विचारा. भाग कुठे बसतो, त्यावर भार कोणत्या दिशेने येतो, हे कळल्याशिवाय सुधारणा सुचवता येत नाही. जी मोठी कंपनी हे सांगायला तयार नसते, तिच्या शेजारी कितीही वर्षं राहिलात तरी तुमच्याकडे फक्त टनेज, म्हणजे मालाचं वजन, वाढेल.

प्रश्न : सरकारने जमीन, वीज आणि सवलत दिली की असा क्लस्टर उभा राहतो का?
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सर, एकट्या जमिनीने नाही. तैवानने 1980 मध्ये सिंचूला विज्ञान पार्क उभारला आणि तो यशस्वी झाला, पण त्याआधी 1973 मध्ये औद्योगिक संशोधन संस्था काढली होती. तिथे तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांतून 1980 मध्ये यूएमसी, 1987 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आधी माणसं, मग प्लॉट.

आपल्याकडे आता याची परीक्षा आहेच. ऑक्टोबर 2024 मध्ये टाटा-एअरबसच्या सी-295 विमानांचा कारखाना इथे सुरू झाला. करारातल्या 56 विमानांपैकी 40 बडोद्यात जुळायची आहेत. माझं लक्ष आहे त्यांच्या ब्रॅकेट, जिग आणि फिक्स्चरच्या ऑर्डरी मकरपुरा, सावली, वाघोडियात किती उतरतात याकडे. वाचकांपैकी कोणाला असं ड्रॉइंग मिळालं असेल तर त्यासाठी कोणतं मशीन घ्यावं लागलं, कोणती चाचणी द्यावी लागली आणि ती कुठे करून मिळाली, एवढं मला कळवा. पुढच्या अंकात त्यावरच लिहायचं आहे.