भाऊ रखडला, म्हणून बहिणीचं शिक्षण थांबवायचं?

दहावीचा निकाल लागला की सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांत दोन तट पडतात. काही जण विचारतात, कुठल्या शाखेला घालू? आणि हल्ली वाढत चाललेले दुसरे विचारतात, घालू तरी कशाला?

चांदवड तालुक्यातलं हे कुटुंब दुसऱ्यांपैकी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अडीच एकर, कांद्यावर भिस्त. थोरला मुलगा बीएस्सी झालेला, वय अठ्ठावीस, पुण्यात एमपीएससीची तयारी करणारा. धाकटीला दहावीला ८३ टक्के पडले होते आणि तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. वडिलांचं ठरलेलं होतं: बारावी गावातच करू दे, मग स्थळं बघू. "एकाला शिकवून हात पोळलेत, मॅडम. आता परत नाही." पुरावा म्हणून त्यांचा भाचा होताच. दहावी नापास, स्वतःचा जेसीबी, वर स्लॅबचं घर.

या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. आकडेसुद्धा वरवर पाहता त्यांच्याच बाजूचे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती फक्त ३.४ टक्के. आता यावरून शिकणं वाईट ठरतं का? न शिकलेल्या पोराला बेकार बसणं परवडतच नाही. तो मिळेल त्या रोजाला जातो आणि मोजणीत त्याला काम आहे असं धरलं जातं. पदवीधर मुलगा मात्र घरच्यांच्या जिवावर मनाजोग्या नोकरीची वाट बघत बसू शकतो. किती काळ बसायचं, हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं.

म्हणून मी काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, कागद दिला आणि मुलाचा खर्च दोन रकान्यांत लिहायला सांगितला, पदवी मिळेपर्यंतचा आणि त्यानंतरचा. पहिल्या रकान्यात तालुक्याच्या अनुदानित कॉलेजची फी, एसटीचा पास, पुस्तकं. दुसऱ्यात खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची महिन्याची फी, क्लास, टेस्ट सिरीज, आणि त्यासाठी वर्षाला एक कांद्याची पट्टी, म्हणजे एका विक्रीची सगळी रक्कम. पदवीची तिन्ही वर्षं मिळून पुण्यातल्या एका वर्षाहून स्वस्त पडली होती. काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कॉलेजनं नाही बुडवलं."

बुडवलं हा शब्द मी मुलाच्या बाबतीतही वापरणार नाही. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, राखीव गटांची ४३. जागा काही शे, अर्ज लाखांनी. परीक्षा 'आता पुरे' म्हणत नाही, घरच्यांना म्हणवत नाही आणि मुलाच्या तोंडून ते निघत नाही. शिकण्याची तीन वर्षं आणि थांबण्याची पाच वर्षं एकाच खात्यावर मांडली गेली होती, आणि त्या खात्याची वसुली धाकटीकडून होणार होती.

भाच्याचं काय? मी विचारलं, त्याच्याबरोबर शाळा सोडलेली बाकीची पोरं आज काय करतात? काकांना सगळी ठाऊक होती. एक द्राक्षबागेत छाटणीला जातो, एक पिंपळगावला मार्केटात हमाली करतो, दोघं गवंड्याच्या हाताखाली, एक काही दिवस ट्रकवर असतो, काही दिवस घरी. बरं, जेसीबीची सुरुवातीची रक्कम कुठून आली? महामार्गाच्या रुंदीकरणात मेव्हण्यांची जमीन गेली, तिचा मोबदला आला होता. हे सांगताना काका स्वतःच जरा हसले. भाचा कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. पण धाकटीसाठी जेसीबी कुणी घेणार नव्हतं.

एवढा वेळ गप्प बसलेल्या काकू तेव्हा बोलल्या. त्या सातवी शिकलेल्या. "बचत गटाची वही मी लिहिते. पीक विम्याचा फॉर्म यांना मीच वाचून दाखवते. सासूबाईंच्या गोळ्या कुठली सकाळची, कुठली रात्रीची, ते मीच बघते. मला कुणी पगार देत नाही. मग माझी सातवी फुकट गेली का?" मी पुढचं वाक्य जुळवत होते, ते सोडून दिलं. चांगलं आयुष्य म्हणजे पगार, एवढं धरूनच आपण हा हिशेब मांडतो आणि मग असं काही मोजायचं राहून जातं.

मुलीला मी कसलीही हमी दिली नाही. डिप्लोमा झाला की नोकरी ठेवलेलीच असते असं नाही, शाखा आणि कॉलेज बघूनच भरायचं, हे स्पष्ट सांगितलं. पण हा रस्ता तीन वर्षांचा आहे. त्यापुढे अप्रेंटिसशिप आहे, नाहीतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शिवाय २०२४-२५ पासून राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र घरालाच करावा लागतो. तोही आम्ही त्याच कागदाच्या मागे लिहून काढला.

मुलगा नंतर एकटा आला. दिवाळीला गावी जायचं तो टाळायचा, कारण पारावर 'काय, लागली का?' विचारणारे बसलेले असतात. अभ्यास सोड असं मी त्याला म्हटलं नाही. शेवटची परीक्षा कोणती ते ठरव, ते घरात सगळ्यांसमोर सांग आणि तोवर कमवत राहा, एवढं बोलणं झालं. रसायनशास्त्राच्या पदवीवर त्याला नाशिकला एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम मिळालं. पगार भाच्याच्या कमाईच्या निम्माही नाही. हे काकांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, आणि मुलीच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याला तहसीलमध्ये किती दिवस लागतील, तेही त्याच फोनवर विचारलं.