शिवणाचे प्रश्न : रात्रीचा एक तास आणि माळ्यावरची मशीन

या वेळची बरीचशी पत्रं बऱ्याच वर्षांनी मशीनवरचं कापड काढणाऱ्यांची आहेत. दोन जिल्ह्यांतली पाच निवडली आहेत.

प्रश्न : लग्नाआधी कराडलाच शिवणक्लास केला होता. परकर, ब्लाउज, फ्रॉक शिवायचे. मुलं झाल्यावर नऊ वर्षं मशीन बंद आहे. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणं उरकल्यावर तासभर मिळतो, तोही अभ्यासाशी वाटून घ्यावा लागतो. मशीन काढली की पसाऱ्यातच वेळ जातो. तीन ब्लाउज अर्धवट पडलेत. सुरुवात कशी करू? (कराड)

उत्तर : वेळ शिवण्यात कमी आणि मांडामांडीत जास्त जातो. कात्री शोधा, बॉबिन भरा, दोन टिपा मारा, परत सगळं आवरा, एवढ्यात तास संपतोच. त्यामुळे कापणी रोजच्या तासातून काढून टाका. महिन्यातून एका सुटीच्या सकाळी तीन-चार कपडे बेतून कापा. प्रत्येकाचे भाग, अस्तर, हूक आणि जुळणारं रीळ एकेका पिशवीत घाला आणि त्याच बैठकीत लागणाऱ्या रंगांच्या बॉबिन भरून ठेवा. रात्री दहा वाजता दमलेल्या डोक्याने बेतायला बसू नका. तेव्हा कापलेल्या दोन्ही बाह्या हमखास उजव्या हाताच्या निघतात.

मग रोज एकच टप्पा घ्या. कुर्ता असेल तर एका रात्री खांदे जोडून गळ्याची पट्टी, दुसऱ्या रात्री बाह्या, तिसऱ्या रात्री बाजूच्या टिपा आणि चिरा. बसण्याआधीच आज कुठं थांबायचं ते ठरवा. बाजूची टीप अर्ध्यावर सोडली तरी काही बिघडत नाही. गळा मात्र अर्ध्यावर सोडायचा नाही. गोल गळ्यावर कापडाचा धागा तिरका येतो. तो भाग कुणी उचलला, खुर्चीवर टाकला, की ताणतो आणि दुसऱ्या दिवशी गळा झुलतो. कापल्या कापल्या गळ्याच्या कडेने पाव इंचावर एकेरी कापडावरच एक साधी टीप मारून ठेवली तर हा धोका बराच कमी होतो. हातात पंधरा मिनिटंच असतील त्या दिवशी गळ्याला हात लावू नका.

मशीन चालवताना वाचन होत नाही, पण हातशिलाई करताना ऐकणं होतं. हेम, हूक, काज, साडीचा फॉल ही कामं रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांसाठी राखून ठेवा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नवीन कापणी करू नका. आणि "घरचीच आहेस, एवढा एक फॉल लावून दे" म्हणून गल्लीतून येणारी साडी त्या महिन्यात नम्रपणे परत करा. एक घेतली की पाच येतात, आणि प्रत्येकीला ती लग्नाच्या आदल्या दिवशी हवी असते.

अर्धवट ब्लाउजना सध्या हात लावू नका. नऊ वर्षांनी पायाची लय आणि हाताची सरळ टीप आधी परत यायला हवी. त्यासाठी उशीचे अभ्रे उत्तम. १७ × २७ इंचांच्या उशीसाठी १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब पट्टी लागते : २७ अधिक २७, आत दुमडायची झाप ६, आणि दोन्ही टोकांना दुमडीला १-१ इंच. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसतात, म्हणजे १ मीटर ७० सेंटीमीटरमध्ये जोडी होते. सुती कापड आधी भिजवून वाळवा. पन्हा थोडा आटला तर शिलाई अर्ध्या इंचाऐवजी पाव इंचाची घ्या. दोन्ही टोकं दुमडून टीप मारा, सुलट बाजू आत येईल अशी २७ इंचांवर घडी घाला, उरलेली ६ इंचांची झाप त्याच्या वरून आणा आणि दोन्ही बाजूंना टीप मारा. उलटवल्यावर झाप आपोआप आत जाते. अशा दोन जोड्या झाल्या की परकर, मग ब्लाउज.

जुनी रिळं तपासून घ्या. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो कच्च्या शिलाईलाच ठेवा. सुई तर नवीच घाला. पॉपलीनला १४ नंबर, रेशमी आणि झिरझिरीत कापडाला ११, जीन्सला १६.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा सासूबाईंची काळी पायमशीन दोन-तीन दिवस पाण्यात होती. नंतर ती पुसून माळ्यावर टाकली. आता चाक फिरवायला खूप जोर लागतो. मशीन भंगारात द्यावी का? (सांगली)

उत्तर : इतक्यात नको. या मशीनचं मुख्य अंग ओतीव लोखंडाचं असतं, ते पुराने संपत नाही. पण नुसत्या गंजाची ही गोष्ट नाही. कृष्णेच्या पुराबरोबर बारीक गाळ येतो. तो शटलच्या (सुईखाली फिरून खालच्या दोऱ्याशी टाका जुळवणाऱ्या भागाच्या) घरात आणि तेलाच्या भोकांत बसतो आणि जुन्या तेलाशी मिळून घट्ट होतो. त्यामुळे चाक जोराने फिरवू नका. आत अडकलेला कण धातूवर ओरखडा काढतो.

पहिल्यांदा चामड्याचा पट्टा काढून ठेवा, रॉकेल आणि तेलाने तो खराब होतो. सुई, तिच्या खालची सरकपट्टी आणि बॉबिन केस काढा. सुईदांडा सगळ्यात वर असताना शटलच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या कड्या उघडल्या की गोल कडं आणि अर्धचंद्रासारखं शटल बाहेर येतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, बसवताना उपयोगी पडतो. जुन्या टूथब्रशने आधी कोरडाच गाळ झाडा. मग तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर ठेवा. हे काम गॅसपासून लांब, दार-खिडकी उघडी ठेवून करा. रॉकेल मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणारा स्प्रे मिळतो. सकाळी चाक हाताने पुढे-मागे थोडं थोडं हलवा, निघालेली काळी घाण पुसा, लागलं तर पुन्हा तेच करा. चाक मोकळं झालं की सगळं कोरडं पुसून मशीनचंच तेल घाला. रॉकेल आणि स्प्रे घाण सोडवतात, वंगणाचं काम करत नाहीत. नुसत्या त्यांच्यावर मशीन चालवली तर आठवड्याभरात पुन्हा जड होते. खोबरेल किंवा गोडं तेल तर कधीच नको, ते आत चिकट होऊन बसतं.

शटलच्या टोकाला आणि त्याच्या घराच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर लावू नका. तिथे नखाने चाचपून पाहा. नख अडकत असेल तर दोराही तिथेच अडकणार आणि तुटणार. शटल आणि बॉबिन केस नवीन मिळतात, ते बदलून घ्या. पण ज्या घरात शटल फिरतं त्यालाच खोल खड्डे पडले असतील, किंवा दोन-तीन वेळा रॉकेल सोडूनही चाक तसूभर हलत नसेल, तर मेकॅनिकला दाखवा आणि खर्च आधी विचारा. मशीनला मोटर असेल आणि तीही बुडाली असेल तर प्लग लावून "चालते का बघू" असं करू नका. शॉक बसू शकतो.

प्रश्न : टीप वरून सुबक दिसते, खाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन केसचा स्क्रू घट्ट करून पाहिला, मेकॅनिकला दाखवलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. (सातारा)

उत्तर : जाळं खाली दिसतं म्हणून सगळे बॉबिनला दोष देतात. खाली जमा होणारा दोरा बहुतेक वेळा वरचा असतो. तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, त्यामुळे सैल येऊन खाली साठतो. दाबाचा पाय वर उचलून वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. पाय वर असताना चकत्या उघड्या राहतात आणि दोरा आत बसतो. मग पाय खाली करून दोरा ओढून पाहा, हाताला ताण जाणवला पाहिजे. वर-खाली होणाऱ्या तरफेच्या भोकातूनही दोरा गेला आहे ना, ते बघा. घाईत तेच राहतं.

तरीही जमलं नाही तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून दुहेरी कापडावर एक टीप मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खाली लाल दोऱ्याचे फास दिसले तर तो कमी आहे. वरची चकती पाव-पाव फेऱ्याने फिरवा. बॉबिन केसचा स्क्रू शेवटी, आणि घड्याळाचा लहान काटा एका तासात सरकतो तेवढाच हलवा. तो बरोबर आहे का ते असं कळतं : भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती ठेवा. ती जागेवर राहायला हवी आणि हाताला हलका झटका दिला की दोन-तीन इंच खाली यायला हवी. सरसर खाली आली तर सैल, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट.

टाके सुटत असतील तर सुई बघा. तिची चपटी बाजू शटलकडे हवी, आणि दोरा लांब खाच असलेल्या बाजूने ओवलेला हवा.

प्रश्न : माझा बेतायचा जुना कागद ३४ छातीचा आहे, आता माप ३८ आहे. सगळीकडून एकेक इंच वाढवून ब्लाउज कापला. काखेत ओढतो म्हणून मुंढा (बाही जोडायची खोबण) आणखी खाली उतरवला, तर आता हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. (तासगाव)

उत्तर : मुंढा उतरवला म्हणूनच तो वर चढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही काखेपासून लांब जोडली जाते. मग हात उचलला की बाही बाजूची टीप ओढते आणि टीप ब्लाउजला ओढते. ओढ लागली की मुंढा खोल करायचा, ही सवय क्लासमधूनच लागलेली असते, आणि तिनेच सगळ्यात जास्त ब्लाउज बिघडतात.

छाती ४ इंच वाढली म्हणजे खांदा किंवा मुंढा तितका वाढत नाही. ते ४ इंच चार भागांत वाटले की प्रत्येक भागाला बाजूने १ इंच येतो. तीरा (खांद्याचं माप) फार तर पाव इंच. मुंढ्यासाठी छातीचा सहावा भाग अधिक अर्धा ते एक इंच धरला तर ३८ ला तो खांद्यापासून पावणेसात ते सव्वासात इंचांत येतो. पुढचा किंवा मागचा पाव भाग साडेनऊ, त्यात अर्धा इंच सैलपणा आणि बाजूला दीड इंच माया (टिपेच्या आत सोडलेलं जादा कापड). ही माया वाचवू नका, उद्या वजन वाढलं-घटलं तर तीच कामाला येते.

आता आधी अस्तर कापा. सुती अस्तर दोन-तीन तास पाण्यात ठेवून, न पिळता वाळवून, ओलसर असताना इस्त्री करा. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. अस्तर मशीनच्या सगळ्यात लांब टाक्याने जोडून अंगात घाला, हात वर करून बघा, खुणा करा, उसवा. तेच अस्तर आता तुमचा नवा कागद. त्यावरून ब्लाउजपीस कापा.

बिघडलेला ब्लाउज थोडा सावरता येईल. खांद्याची टीप अर्धा इंच आत घेतली की मुंढा वर येतो. गळाही तेवढाच वर येईल आणि उंची कमी होईल, हे मान्य असेल तरच.

प्रश्न : मुलीचा शाळेचा पिनोफ्रॉक एका वर्षात आखूड होतो. खालची दुमड सोडली तर जुनी रेघ दिसते. (वाई)

उत्तर : जुन्या घडीवर पाणी आणि व्हिनेगर समान प्रमाणात घेऊन ओला केलेला कपडा ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहा. याने घडी मोडते. पण रेघेवरचा रंगच उडालेला असेल तर ती जाणार नाही. तिथे त्याच रंगाची नाडीपट्टी लावून टाका.

पुढचा शिवताना खाली अडीच-तीन इंचांची दुमड ठेवा आणि कमरेच्या आतल्या बाजूला १ इंचाचा दाब (शिवून टाकलेली आडवी घडी) घाला. तो उसवला की २ इंच उंची मिळते आणि घडी पट्ट्याखाली झाकली जाते. दोन्ही टिपा लांब टाक्याच्या मारा, म्हणजे जूनमध्ये उसवताना कापडाला ब्लेड लावावं लागणार नाही.