होणाऱ्या नवऱ्याच्या आजोबांना कुष्ठरोग होता. तो रक्तात उतरतो का?

तुमच्या घरचे म्हणतात 'रक्तात उतरतो', म्हणून लग्न अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. रोग रक्तात उतरत नाही. मुंबईत कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून धारावी-वडाळ्याच्या वस्त्यांत घरोघर चट्टे तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. हाच प्रश्न बायकांनी दार लोटून, हळू आवाजात मला कितीदा विचारलाय.

हा समज जुना आहे. नॉर्वेचे डॉक्टर डॅनियलसेन हा रोग आनुवंशिक मानत. त्यांच्याच जावयाने, हॅन्सेनने, १८७३ साली त्याचा जंतू शोधला. तरी डॅनियलसेन यांचं निरीक्षण अगदीच पोकळ नव्हतं, कारण रोग घराण्यात दिसतो खरा. एका घरात जंतूही वाटला जातो आणि जनुकंही.

सुमारे ९५ टक्के लोकांचं शरीर हा जंतू आपणच परतवतं. उरलेल्यांची प्रतिकारशक्ती फक्त याच जंतूपुढे थोडी कमी पडते आणि त्यात जनुकांचा वाटा असतो. १९७३ मध्ये भारतातल्या जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांत सुमारे ६० टक्के जोड्यांत दोघांनाही रोग होता, भिन्न जुळ्यांत २० टक्के. मला मात्र उरलेल्या ४० टक्के जोड्या जास्त बोलक्या वाटतात: जनुकं तीच, तरी एकाला रोग नाही. पुढे व्हिएतनाममध्ये पार्क-२, चीनमध्ये एनओडी-२ अशी जनुकं सापडली. प्रत्येकाचा वाटा लहान. रोग कोणत्या रूपात येईल, हेही काही अंशी जनुकांवर ठरतं. एकाच खोलीत धाकट्याला एकच बधिर चट्टा आणि थोरल्याच्या कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, असं मी पाहिलंय. पण लग्नाआधी करावी अशी कुठलीही जनुकीय चाचणी नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आजोबांचे औषधांचे ६ किंवा १२ महिने पुरे झाले असतील तर त्यांच्यापासून कोणालाही लागण होत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणही २०१९ मध्ये कायद्यातून काढलं गेलं. घरात कोणाला फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, औषध मोफत मिळतं.

आजोबा हयात असतील तर रोज रात्री त्यांचे तळपाय कोणीतरी बघत जा. बधिर पायाला चप्पल लागलेली कळत नाही आणि जखम आतल्या आत चिघळते.