रिमोट आणि ड्रोनच्या काळात तारेला बांधलेलं विमान गोल-गोल फिरवण्यात कसली मजा?

तुम्ही विचारलंय की रिमोटचं विमान हवं तिकडे नेता येत असताना कंट्रोल लाइनचं, म्हणजे तारांना बांधलेलं छोटं विमान स्वतःभोवती फिरवत का बसायचं, आणि ते शिकायला कितपत अवघड आहे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: हे विमान हाताला जाणवतं.

पतंग उडवला असेल तर लगेच कळेल. मांजा बोटावरून सरकतो तेव्हा वर न बघताही समजतं, पतंग चढतोय की गोता खातोय. इथे मांज्याच्या जागी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक अशा दोन पोलादी तारा असतात. अर्ध्या किलोचं विमान १६ मीटरच्या तारांवर ताशी ८० किलोमीटरने फिरत असेल, तर हाताला सुमारे दीड किलोची ओढ लागते. म्हणजे विमानाच्या वजनाच्या तिप्पट! हँडलपासून तारा पंखातल्या बेलक्रँकला, म्हणजे एका फिरत्या तरफेला जातात आणि तिथून एक सळई एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या फळीला. हँडल एका बाजूला कललं की नाक वर, दुसऱ्या बाजूला कललं की खाली. एवढंच. लूप म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, उलटं उडणं, आठचा आकडा, सगळं या एका हालचालीतून काढायचं.

ओढ गेली की ताबा गेला. म्हणून बांधतानाच बाहेरच्या पंखाच्या टोकाला थोडं वजन घालतात, इंजिन आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) किंचित बाहेर वळवतात. वारा जिकडून येतो त्या बाजूला विमान आलं की वारा ते आपल्याकडे ढकलतो, तारा सैल पडतात. तेव्हा दोन पावलं झटकन मागे सरायचं. लूप नेहमी वाऱ्याकडे पाठ करून.

मी हे नागपूरला कॉलेजात, एनसीसीच्या एअर विंगमध्ये शिकलो. १९८९ साल. माझा जोडीदार माझ्याच वर्गातला. रात्री त्याच्या घरी काचेवर विमानाचा नकाशा पसरायचा, वर प्लास्टिक, मग बाल्साच्या हलक्या लाकडातून कापलेल्या पंखाच्या बरगड्या टाचण्यांनी उभ्या करून फेविकॉल. पंखावर टिश्यूचा पातळ कागद चिकटवला की त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. ओला कागद आधी सुरकुततो, बघवत नाही. अर्ध्या तासाने वाळून ताणला जातो आणि टिचकी मारली की डफासारखा वाजतो. मग डोपचे, म्हणजे कागद घट्ट करणाऱ्या लॅकरचे हात. त्या वासाने घरची मंडळी वैतागायची, पण त्याची आई चहा मात्र न मागता आणून ठेवायची.

इंजिन दीड सीसीचं, डिझेल. ना प्लग, ना बॅटरी. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या प्रमाणात मिसळायचं, कॉम्प्रेशनचा स्क्रू जुळवायचा आणि नाकावरचा पंखा बोटाने फटकारायचा. इंजिन लागलं की एक जण विमान धरून बसतो, दुसरा धावत मध्यभागी जाऊन हँडल उचलतो. आधी नुसतं हलवून बघायचं, एलिव्हेटर बरोबर हलतोय ना. मग तिकडून हाक यायची, "सोडू का बे?" आणि इकडून, "सोड!" हा खेळ एकट्याचा नाहीच. मला तर निम्मा आनंद त्या हाकेत वाटतो.

एकदा त्याने दोन आठवडे खपून केलेलं विमान मी तिसऱ्या लूपमध्ये जमिनीत घातलं. घाबरून हँडल उशिरा सरळ केलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो चालत गेला, मातीत बसला, इंजिन पुसलं, पंखा फिरवून बघितला आणि ओरडला, "इंजिन वाचलं बे!" त्याच रात्री नवीन बरगड्या कापायला बसलो.

जगभर हा खेळ १९४०च्या दशकात पसरला, तो अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जिम वॉकर यांच्यामुळे. ते दोन हातांत दोन आणि डोक्याला तिसरं अशी तीन विमानं एकदम उडवून दाखवत. पण जोडीने खेळणं बघायचं असेल तर टीम रेस बघा. एकाच वर्तुळात तीन पायलट, प्रत्येकाचा एक मेकॅनिक, १०० फेऱ्या. तार १५.९२ मीटरची, म्हणजे १० फेऱ्यांत १ किलोमीटर. मध्येच विमान उतरतं, मेकॅनिक पळतं विमान पंखाला पकडतो, इंधन भरतो, पंखा फटकारून सोडतो. पायलट कितीही चांगला असो, हे हात चुकले तर शर्यत गेली.

आता अवघडपणाचं. चक्कर येते, पहिले काही दिवस येणारच. नजर विमानावरच ठेवा, मागचं जग फिरू द्या. मनगट वाकवू नका, हात खांद्यातून हलवा. नवखी माणसं मनगटानेच विमान पाडतात. उडवण्यापूर्वी तारा ओढून तपासा आणि हँडलचा पट्टा मनगटात घाला. आणि डोक्यावर विजेच्या तारा दिसल्या तर ते मैदान सोडून द्या, कितीही मोठं असलं तरी. पोलादी तार विजेला लागली तर जीव जातो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला पहिल्यांदा हँडल दिलं. दोन फेऱ्या माझा हात तिच्या हातावर होता, मग काढून घेतला. टाकी संपेपर्यंत तिने विमान खांद्याच्या उंचीवर धरलं, इंजिन बंद पडल्यावर मागे सरत नीट उतरवलं. भोवळ आली म्हणून गवतावर बसली आणि बसल्या बसल्या विचारलं, "बाबा, बाटलीत अजून आहे का?"