कास्टिंगचं युटी येतंय, मग अणुवीज केंद्रात नवीन काय?

भावा, शिरोलीच्या फौंड्रीत दोन वर्षं युटी (अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी आतला दोष शोधायची तपासणी) केलंयस, लेव्हल टू (त्यातली दुसऱ्या पातळीची परीक्षा) पास आहेस, मग कैगाला, कर्नाटकातल्या अणुवीज केंद्रात, शटडाऊनच्या (प्लांट बंद ठेवून करायच्या) तपासणीला गेलास तर वेगळं काय शिकायचं, असं विचारलंयस. मी असल्या शटडाऊनला कॉन्ट्रॅक्टवर जाऊन आलोय म्हणून सांगतो. प्रोब (वरनं फिरवायचा सेन्सर) तसलाच, स्क्रीनवर उठणारा पीकपण (उंचवटा) तसाच. पण आपल्याकडं ब्लो होल (धातूत अडकलेल्या वायूची पोकळी) घावला की पीस रिजेक्ट, परत भट्टीत, विषय संपला. तिथं पाईप वर्षानुवर्षं जागेवरच राहणार, त्यामुळं मागच्या वेळेपेक्षा काय वाढलंय हे बघायचं असतं, म्हणून प्लांट चालू व्हायच्या आधीच एक तपासणी करून रेकॉर्ड ठेवलेला असतो आणि तू त्याच वेल्डवर त्याच झीरो पॉइंटपासून मोजायचं. माझा एकदा झीरो चुकला, जुनंच इंडिकेशन (दोषाची खूण) सरकलेलं दिसलं आणि अख्खी शिफ्ट परत मोजण्यात गेली, वर सायबाच्या शिव्या.

रिअॅक्टरच्या आतलं मात्र हातानं होत नाही. कैगाच्या 220 मेगावॅटच्या एका युनिटला 306 चॅनेल (इंधन ठेवायच्या आडव्या नळ्या), त्यातली प्रेशर ट्यूब झिर्कोनियमची, न्यूट्रॉनच्या माऱ्यानं आणि दाबानं ती लांबते, मधी झोळ पडतो. बाहेरच्या गार कॅलंड्रिया ट्यूबला टेकली तर टेकल्या जागी हायड्राइड (हायड्रोजन मिसळून झालेला ठिसूळ थर) साठतं आणि तिथनं चीर जायची भीती. म्हणून दोन्हीच्या मधल्या गार्टर स्प्रिंग (अंतर राखणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) जाग्यावर हायत का तेपण बघतात. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रानं बार्सिस नावाचं यंत्र बनवलंय.

पण मला विचारशील तर मशीनपेक्षा तपासायच्या जागांची यादी महत्त्वाची. जपानात मिहामा अणुवीज केंद्राच्या 3 नंबर युनिटला 9 ऑगस्ट 2004 ला टर्बाइनकडचा गरम पाण्याचा पाईप फुटला, 5 माणसं गेली. किरणोत्सर्गाचा संबंध नव्हता, नुसती वाफ. फ्लो मीटरच्या ओरिफिसच्या (भोकाच्या चकतीच्या) पुढं पाण्यानं झिजून 10 मिलिमीटरची भिंत दीड मिलिमीटरच्याही खाली आलेली, आणि 1976 ला प्लांट चालू झाल्यापासनं ती जागा एकदाबी मोजलेली नव्हती, कारण यादीतनंच सुटलेली! गेलेली माणसं येणाऱ्या शटडाऊनच्या तयारीलाच तिथं आली होती.

त्यामुळं गेल्या गेल्या जुना रिपोर्ट आणि पाईपचं ड्रॉइंग मागून घे, लाजू नको. मॉकअपवर (सरावाच्या नमुन्यावर) हात बसव, आत किरणोत्सर्गाचा डोस मोजूनच वेळ मिळतो. आणि एडी करंट (चुंबकी कॉइलनं धातूत वीज फिरवून दोष शोधायची तपासणी) केलं नसशील तर आधी त्यात लेव्हल टू कर, स्टीम जनरेटरच्या बारक्या ट्यूबना तेच लागतं.