रूफिंग लाइनवर पत्रा एका बाजूला सरकतो आणि मापही चुकतं, रोल बदलावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जालन्यात रूफिंग पत्र्याची लाइन आहे, म्हणजे रोलच्या जोड्यांतून सपाट पत्रा सोडून छपराचा पत्रा बनवणारं मशीन. त्यावर १२२० मिमी रुंदीची, ०.५० मिमी जाडीची कलर कोटेड कॉइल (रंगीत पत्र्याची गुंडाळी) चालते. महिनाभरापासून पत्रा उजवीकडे सरकतोय, मधूनच कड दुमडून पहिल्याच स्टँडमध्ये, म्हणजे रोलच्या पहिल्या जोडीत, अडकतो, आणि सहा मीटरच्या पत्र्यात कधी चार मिमी जास्त निघतात तर कधी पंधरा. मशीनवाला म्हणतो, रोल उतरवून रीग्राइंडला, म्हणजे पुन्हा घासायला, द्या.

देऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको. बरेच दिवस चांगली चाललेली लाइन अचानक पत्रा एका बाजूला ओढायला लागली, तर रोलचा नंबर माझ्या यादीत शेवटचा असतो. रोल रातोरात झिजत नाहीत. रातोरात बिघडतं ते मशीनच्या मागचं सामान, म्हणजे कॉइल धरून उलगडणारा डिकॉइलर, पत्र्याला वाट दाखवणारी गाइड आणि खुद्द कॉइल.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, हात पोळलेत म्हणून सांगतोय. वाळूजला नवीन असताना अशाच एका लाइनवर मी सलग दोन रात्री शिम, म्हणजे गॅप साधायच्या पातळ पट्ट्या, घालत आणि काढत बसलो होतो. पत्रा उजवीकडे गेला की उजवा नट आवळायचा, मग डावीकडे लाट यायची, मग डावा आवळायचा. तिसऱ्या पाळीला आमचे जुने ऑपरेटर मामा आले. त्यांनी रोलकडे पाहिलंसुद्धा नाही. एंट्री गाइडच्या खाली बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीला टोक केल्यावर पडतो तसा निळ्या रंगाचा बारीक भुगा. "एकाच बाजूला भुगा कामून पडायलाय?" एवढंच विचारलं. डाव्या गाइडखाली बोट फिरवलं तर नुसती धूळ.

म्हणजे पत्रा मशीनमध्ये शिरायच्या आधीच उजव्या गाइडला घासत होता. दोरी लावली तेव्हा कारण सापडलं. कॉइल चढवताना हायड्रा क्रेनचा धक्का बसून डिकॉइलरचा एक फाउंडेशन बोल्ट ढिला झाला होता आणि बेस जेमतेम दीड सूत फिरला होता. तो सरळ केला आणि माझ्या दोन रात्रींचे शिम एकेक करून काढले. ते काढायलाच तिसरी रात्र गेली.

तुम्हीही आधी गाइडखालचा भुगा बघा, मग डिकॉइलर मोजा. घराची आखणी करताना गवंडी कर्ण मोजतो तेच इथं करायचं. पहिल्या स्टँडच्या शाफ्टवर मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर खुणा करा, तशाच मँड्रेलवर, म्हणजे डिकॉइलरच्या ज्या दांड्यावर कॉइल बसते त्यावर, करा. उजव्या खुणेपासून उजव्या खुणेपर्यंत आणि डावीपासून डावीपर्यंत टेप लावा. अंतरं सारखी नसतील तर डिकॉइलर तिरका आहे. मग आडवे कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर डिकॉइलर सरळ असेल, पण मधल्या रेषेवर नाही. मँड्रेलवर पाणसळ ठेवायची ती कॉइल चढवल्यावर. एका बाजूनं धरलेला मँड्रेल रिकामा असताना अगदी लेव्हलमध्ये दिसतो आणि चार टन चढले की मोकळं टोक खाली बसतं. रिकाम्यावर मोजून "बरोबर आहे" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

डिकॉइलर बरोबर निघाला तर तीन मीटरचा तुकडा कापा, फरशीवर सपाट पसरा आणि कडेला दोरी ताणून धरा. कड दोरीपासून मधोमध सुटत असेल तर कॉइललाच बाक आहे. हा बाक लांबीच्या वर्गानं वाढतो. एका मीटरला एक मिमी असेल तर तीन मीटरला नऊ मिमी दिसेल, म्हणून फूटभर तुकड्यावर बघून काही कळत नाही. पूर्ण रुंदीच्या कॉइलला हे कमी असतं. शटर पट्टी किंवा पर्लिनसाठी (छपराच्या आडव्या पट्ट्यांसाठी) स्लिटिंग करून, म्हणजे उभी चिरून, आणलेल्या पट्टीला जास्त, त्यातही मूळ कॉइलच्या कडेची पट्टी असेल तर हमखास.

तुकडा सरळ निघाला की तोच हळू गतीनं, जॉगवर, मशीनमधून सोडा. कॉइलचा संबंध तोडलेला तुकडा सरळ निघतो आणि कॉइलवरून आलेला पत्रा सरकतो, तर रोल निर्दोष आहेत. यापेक्षा स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. तरी शंका राहिलीच तर दुसऱ्या लॉटची कॉइल चढवा. सरकायची बाजू बदलली तर माल वाईट, तीच राहिली तर दोष मशीनचा.

एक गोष्ट मात्र करू नका. पत्रा सरकतो म्हणून गाइड आवळायची सवय सगळ्यांना असते. गाइडचं काम दिशा दाखवायचं आहे, ढकलायचं नाही. अर्धा मिमीचा पातळ पत्रा दोन्हीकडून दाबला की कड उभी राहते आणि तुमच्यासारखी दुमडून पहिल्या स्टँडमध्ये जाते. कडेला मिमीभर मोकळीक असू द्या.

आता अडकण्याचं. इथं तुम्ही लिहिलेलं नाही ते मला हवंय. कॉइल भरलेली असताना जास्त अडकतं की संपत आल्यावर? तुमची लाइन थांबून कापणारी असणार. दर कापाला मशीन थांबतं, पण चार टनांची कॉइल लगेच थांबत नाही. ब्रेक ढिला असेल तर ती पुढे फिरते, पत्र्याचा झोळ जमिनीला टेकतो आणि मशीन सुरू होताना हिसका बसतो. त्या हिसक्यात पत्रा तिरका होतो. हा भरल्या कॉइलचा आजार.

उलटा आजार शेवटाकडे होतो. ०.५० ची चार टनी कॉइल साधारण ९०० मिमी व्यासाची असते आणि संपताना आतल्या ५०८ मिमीवर येते. ब्रेक तोच राहिला तर पत्र्यावरचा ताण पावणेदोन पट होतो, खरं तर कॉइल हलकी झाल्यानं तेव्हा ब्रेक कमी लागतो. सकाळी आवळलेला ब्रेक संध्याकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. मग रोल पत्र्यावर घसरतात, रंगावर चमकदार पट्टे उठतात आणि पार्टी माल परत पाठवते. आतल्या वेढ्यांचा पत्रा गोल वळण धरून येतो तेही लक्षात ठेवा. तोंड खाली किंवा वर वाकलेलं असलं तर ते गाइडच्या ओठाला ठेचतं. ते हातानं सरळ करून घाला. आणि कॉइलला बांधलेला पट्टा कापताना समोर कुणी उभं राहू नये, टोक सुटून आलं की हातमोजेसुद्धा कामाचे नाहीत.

लांबीबद्दल तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. लांबी मोजणाऱ्या एन्कोडरचं चाक झिजलं तर चूक दरवेळी सारखी येते आणि पत्रा कमी निघतो. समजा परीघ २०० मिमी आहे. व्यास फक्त ०.१ मिमीनं झिजला तर सहा मीटरच्या तीस फेऱ्यांत नऊ मिमीच्या वर कमी येईल, रोज तेवढंच. ते पॅनेलवर आकडा बदलून सुटतं. तुमची चूक कधी चार, कधी पंधरा आणि नेहमी जास्तीकडे. म्हणजे पत्रा पुढे जातोय आणि चाक मध्येच फिरत नाही. चाकावर तेल आहे का, त्याची स्प्रिंग ढिली झाली का, पत्र्याला झोळ पडून चाक उचललं जातं का, हे बघा. मार्करनं चाकावर आणि पत्र्यावर एकच रेघ ओढून एक फेरी मोजली की पाच मिनिटांत कळतं. पॅनेलमधल्या आकड्याशी खेळत बसलात तर आज चार बरोबर कराल आणि उद्या पंधरा चुकेल.

हे सगळं बरोबर निघालं तरच रोलकडे जा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) रोलमधली गॅप बघा, आणि कॉइलच्या चिठ्ठीवर विसंबू नका, पत्रा मायक्रोमीटरनं मोजा. काही जण रंगासकट ०.५० लिहितात, काही जण आतल्या पत्र्याची जाडी लिहितात. दोन स्टँडच्या मध्ये पत्रा फुगत असेल तर मात्र रोलचीच गोष्ट आहे, पुढचा रोल मागच्यापेक्षा हळू ओढतोय. अर्धेच रोल रीग्राइंड करून आणले की हे हटकून होतं. तुमचा मशीनवाला सगळे रोल एकदम नेणार आहे की चारच, हे आधी विचारा.

जालन्यात सळईचे मिस्त्री हवे तितके मिळतील, पण पातळ पत्र्याचा सेटर शोधावा लागतो, हे मान्य. म्हणूनच रोल उतरवायच्या आधी एवढं कळवा. भुगा कुठल्या गाइडखाली आहे, कर्णांत फरक किती आला, आणि अडकतं ते कॉइलच्या सुरुवातीला की शेवटी.