ऐनवेळी सुचतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, मी परळच्या एका कॉलेजात एसवायला आहे, एकांकिका करते. पाठांतर पक्कं असतं, पण समोरच्याने एखादं वाक्य गाळलं की मी पार ब्लँक होते. मैत्रीण म्हणते इम्प्रोव्हचे, म्हणजे संहितेशिवाय ऐनवेळी सुचेल ते करायचे गेम्स खेळ. त्याने खरंच डोकं फास्ट चालतं का? आणि तालमीबाहेर खेळता येतील असे काही आहेत का?

उत्तर : हो गं, चालतं. तू मनातल्या मनात स्वतःचं पुढचं वाक्य घोकत असतेस ना, म्हणून समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकूच येत नाही आणि त्याने वाक्य गाळलं की धरायला काहीच उरत नाही. हे खेळ आधी ऐकायला लावतात, सुचणं त्याच्या मागून येतं.

'काय करतेयस?' हा खेळ घे. एकजण दात घासायचा अभिनय करतो, दुसरी विचारते काय करतोयस, तर त्याने दात घासता घासताच भलतंच सांगायचं, 'पतंग उडवतोय', की लगेच तिने पतंग उडवायला घ्यायचा आणि तिला तिसऱ्याने विचारायचं. हात एक करतायत आणि तोंड दुसरं बोलतंय, सुरुवातीला सगळे अडकतात, हातातला ब्रश हवेतच थांबतो, पण चारपाच फेऱ्यांनी शोधत बसायची सवय सुटते.

दुसरं म्हणजे समोरच्याचं खोडायचं नाही, 'हो, आणि' म्हणून पुढे न्यायचं. तो म्हणाला 'डॉक्टर, माझ्या पोटात लोकल शिरलीय', तर 'काहीतरीच काय' म्हटलंस की सीन तिथेच संपला. 'हो, आणि फास्ट आहे, आता डायरेक्ट दादरलाच थांबेल' म्हण, बघ कसा धावतो.

असे खेळ तसे जुने आहेत, शिकागोत व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकेने स्थलांतरितांच्या आणि गरीब वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना ते घडवले, १९६३ साली त्यांचं या खेळांवरचं पुस्तक आलं. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये शिकवणारे कीथ जॉन्स्टन तर सांगायचे की हुशार दिसायला जाऊ नका, जे सहज सुचतंय तेच बोला. आणि आपल्याकडे तमाशातल्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांच्या भागात, सोंगाड्या प्रेक्षक बघून जागच्या जागी नवं बोलत आलाय, त्यामुळे संधी मिळाली तर एखादी बतावणी समोर बसून नक्की बघ, त्याचं लक्ष कुठे असतं ते बघ.

तालमीबाहेर म्हणशील तर मैत्रिणीबरोबर लोकलमध्ये वाक्यांची अंताक्षरी खेळ. तिचं वाक्य ज्या अक्षरावर संपेल त्याच अक्षराने तुझं सुरू, पण गप्पा एकाच विषयावर चालू ठेवायच्या. मराठीत बरीच वाक्यं 'आहे'वर संपतात, म्हणजे दोघी 'ह'मध्येच फिरत राहाल, तर 'आहे'ला बंदी घाला. मग तिचं वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागतं, आधी ठरवून ठेवलेलं काही चालतच नाही.

तालमीत मात्र दिग्दर्शकाला सांग, सुरुवातीची पंधरा मिनिटं याला द्या आणि कोण चुकलं ते मधे थांबवून दाखवू नका, नाहीतर मुलं परत जपून बोलायला लागतात.